३.४ मेगाहर्ट्झची गाणारी टेस्ला कॉइल: बांधणी, जुळवणी आणि ध्वनीची जोड

निकोला टेस्ला यांनी १८९१ साली आपल्या उच्च-वारंवारतेच्या प्रकाशयंत्रणेचे पेटंट घेतले, तेव्हा त्यांच्या यंत्रात ठिणगीची फट हाच 'स्विच' होता. आज टेस्ला कॉइलमध्ये, म्हणजे दोन गुंडाळ्यांच्या अनुनादातून अतिउच्च व्होल्टेज उभा करणाऱ्या यंत्रात, तेच काम मॉसफेट हा वेगवान इलेक्ट्रॉनिक स्विच करतो, आणि वारंवारता काही शे किलोहर्ट्झवरून काही मेगाहर्ट्झवर नेली की यंत्राच्या आकाराबरोबर विसर्गाचे रूपही बदलते. कमी वारंवारतेच्या कॉइलमधून कडाडणाऱ्या, फांद्या फुटलेल्या ठिणग्या निघतात. तीन-चार मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या कॉइलच्या टोकावर मात्र मेणबत्तीच्या ज्योतीसारखी शांत, जांभळट ज्योत उभी राहते. या ज्योतीला स्वतःचा गुणगुणाट जवळजवळ नसतो, त्यामुळे तिच्या शक्तीत ध्वनिसंकेताप्रमाणे चढउतार केले तर भोवतीची हवा त्या तालावर तापते व प्रसरण पावते आणि ज्योत स्पीकरच्या पडद्याशिवाय गाते. विद्युतज्योतीतून सूर काढण्याचा प्रयोग इंग्लंडमध्ये विल्यम डडेल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कार्बन आर्क दिव्यावर केला होता. आपली कॉइल त्याच कल्पनेची वेगळ्या मार्गाने केलेली मांडणी आहे.

या लेखात मी तळहाताएवढ्या जागेत मावणारी, ४८ व्होल्ट डीसीवर चालणारी आणि साधारण ३५ वॉट सरासरी शक्तीची कॉइल टप्प्याटप्प्याने मांडत आहे. ज्याला मॉसफेट, ऑसिलोस्कोप आणि सोल्डरिंग यांची ओळख आहे अशा वाचकासाठी हे लिहिले आहे. ऑसिलोस्कोप हाताशी नसेल तर हे काम सुरू करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. या वारंवारतेवर मॉसफेट मरतात ते बहुतेक वेळा चुकीच्या जुळवणीमुळे, आणि ती जुळवणी मॉसफेटच्या ड्रेन या पायावरची लहर पाहिल्याशिवाय कळत नाही.

आधी धोके

या विषयात एक चुकीची समजूत फार पसरलेली आहे. उच्च वारंवारतेचा प्रवाह 'त्वचेवरूनच' जातो, म्हणून तो निरुपद्रवी असतो, असे सांगितले जाते. तांब्यात ३.४ मेगाहर्ट्झला प्रवाह खरोखरच सुमारे ०.०३६ मिलिमीटर जाडीच्या थरातून वाहतो. मानवी ऊती मात्र तांब्याच्या तुलनेत फारच कमी वाहक आहेत, त्यामुळे त्यांच्यात हा प्रवाह कित्येक सेंटीमीटर खोल शिरतो. मज्जातंतूंना या वारंवारतेचा झटका जाणवत नाही, म्हणून वेदनेची सूचना उशिरा मिळते आणि तोवर बोट आतून भाजलेले असते. अशी जखम बाहेरून सुईच्या टोकाएवढी दिसते आणि बरी व्हायला आठवडे घेते. चालू ज्योतीला, उच्च व्होल्टेजच्या द्वितीयक गुंडाळीला किंवा तिला ऊर्जा देणाऱ्या प्राथमिक गुंडाळीला हाताने किंवा हातात धरलेल्या धातूने कधीही स्पर्श करू नये.

पेसमेकर, इन्सुलिन पंप किंवा श्रवणयंत्र वापरणाऱ्या व्यक्तीला खोलीत येऊ देऊ नये. ज्योतीतून ओझोन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात, म्हणून खिडकी उघडी ठेवावी आणि एका वेळी एक-दोन मिनिटांपेक्षा जास्त चालवू नये. जवळ कागद, कापड, स्पिरिट ठेवू नये. घरातल्या २३० व्होल्टवरून थेट रेक्टिफायर लावून मॉसफेटला वीज देण्याची पद्धत बऱ्याच आराखड्यांत दिसते, पण पहिल्या कॉइलसाठी ती मला मान्य नाही. पूर्ण विलगित, अर्थिंग असलेला ४८ व्होल्टचा पुरवठाच घ्यावा.

धोका रेडिओच्या बाजूनेही आहे. ३.५ मेगाहर्ट्झपासून हौशी रेडिओचा ८० मीटरचा पट्टा सुरू होतो. आपली कॉइल त्याला अगदी लागून चालते आणि तिला परवाना नसतो. म्हणून ती अर्थ केलेल्या जाळीच्या पिंजऱ्यातच चालवावी. खिडकीसाठी मिळणारी अॅल्युमिनियमची डास-जाळी लाकडी चौकटीवर सर्व बाजूंनी ताणली आणि प्रत्येक जोडावर धातूचा धातूशी स्पर्श राखला, तर असा पिंजरा एका दुपारी तयार होतो. ज्योत जाळीतून छान दिसते आणि आवाजही अडत नाही. जाळी ज्योतीपासून सर्व बाजूंनी निदान २० सेंटीमीटर दूर असावी, कारण ती जवळ आणली की द्वितीयकाची वारंवारता खाली सरकते.

द्वितीयक गुंडाळी

५० मिलिमीटर बाह्य व्यासाचा, शक्य तितक्या पातळ भिंतीचा पाइप घ्यावा. पॉलिप्रोपिलीन किंवा अॅक्रिलिक मिळाले तर उत्तम. साधा पीव्हीसीही चालतो, पण या वारंवारतेवर तो थोडा तापतो, म्हणून आधी उन्हात पूर्ण वाळवून त्यावर वॉर्निशचा एक हात द्यावा. त्यावर २६ गेजची एनॅमल केलेली तांब्याची तार ८ सेंटीमीटर लांबीत १६० वेढे गुंडाळावी. ही तार मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात वजनावर मिळते. गेज २६ म्हणजे ०.४५७ मिलिमीटर, आणि एनॅमलसह वेढ्याला साधारण अर्धा मिलिमीटर जागा लागते. सुमारे २५ मीटर तार पुरते, तरी ३० मीटर घ्यावी, कारण मध्ये जोड दिलेली गुंडाळी या वारंवारतेवर चांगली चालत नाही.

या मापांची प्रवर्तकता सुमारे ६२० मायक्रोहेन्री येते. गुंडाळीची स्वतःची धारिता साधारण २.४ पिकोफॅरड आणि टोकावरच्या सळईची व ज्योतीची मिळून आणखी एक पिकोफॅरड धरली, तर अनुनाद, म्हणजे कॉइल सर्वात जोराने झुलते ती वारंवारता, ३.४ मेगाहर्ट्झच्या आसपास बसतो. ज्योत नसताना तो ४ मेगाहर्ट्झकडे सरकलेला असतो. हा फरक लक्षात ठेवावा, कारण पुढच्या जुळवणीचा गाभा तोच आहे: ज्योत पेटली की कॉइलची वारंवारता खाली येते.

वरच्या टोकाला टंगस्टनची सळई लावावी. टिग वेल्डिंगसाठी मिळणारी २.४ मिलिमीटरची सळई ४-५ सेंटीमीटर कापून टोकाला धार द्यावी. त्यातही शुद्ध टंगस्टन किंवा लँथनम मिसळलेली घ्यावी, थोरियम मिसळलेली टाळावी. तांब्याची तार या ज्योतीत वितळते आणि ज्योतीला हिरवट छटा देते, तर स्टीलची खिळ्यासारखी टोके ठिणग्या उडवत झिजतात. वर गोल टोरॉइड बसवू नये. आपल्याला विद्युतक्षेत्र एका बिंदूवर एकवटून हवे आहे, आणि टोरॉइडची धारिता वारंवारता विनाकारण खाली ओढते.

खालचे टोक घराच्या अर्थिंगला जोडू नये. तसे केल्यास मेगाहर्ट्झचा प्रवाह घरातल्या सगळ्या वायरिंगमध्ये पसरतो. पायथ्याशी २० बाय २० सेंटीमीटरचा अॅल्युमिनियमचा पत्रा ठेवावा आणि द्वितीयकाचे खालचे टोक आखूड, रुंद पट्टीने त्याला जोडावे. सर्किटची ऋण बाजूही त्याच पत्र्याला एका बिंदूत येते. ४८ व्होल्टच्या दोन्ही तारांवर फेराइटच्या क्लिपा लावून उरलेला उच्च-वारंवारतेचा प्रवाह पुरवठ्याकडे जाण्यापासून अडवावा.

प्राथमिक गुंडाळी, आणि सैल जोडणीचा मुद्दा

१४ गेजच्या, म्हणजे सुमारे २ मिलिमीटर जाडीच्या तारेचे, ८० मिलिमीटर सरासरी व्यासाचे ७ वेढे, दोन वेढ्यांच्या मध्यांत ५ मिलिमीटर अंतर ठेवून घालावेत. प्रवर्तकता ४.३ मायक्रोहेन्रीच्या जवळ येते. अॅक्रिलिकच्या उभ्या पट्ट्यांत खाचा करून तार बसवली तर वेढे हलत नाहीत. ही संपूर्ण गुंडाळी द्वितीयकाच्या अक्षावर वर-खाली सरकवता आली पाहिजे, म्हणून ती पायथ्याला चिकटवून टाकू नये.

बहुतेक नवशिके इथे चुकतात. कमी वारंवारतेच्या कॉइलमध्ये दोन गुंडाळ्यांची घट्ट चुंबकीय जोडणी चांगली असते, म्हणून इथेही प्राथमिक गुंडाळी द्वितीयकाच्या कमरेपर्यंत वर चढवली जाते. मॉसफेटच्या क्लास-ई परिपथाला (त्याचे वर्णन पुढे येते) मात्र एका ठराविक रोधाचा भार हवा असतो. आपल्या मांडणीत तो १३ ओहमच्या जवळ आहे, आणि प्राथमिकात उमटणारा हा रोध जोडणीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. द्वितीयकाचा ज्योतीसह एकूण रोध दोनशे ओहम धरला, तर १३ ओहम उमटवण्यासाठी जोडणीचा गुणांक केवळ ०.०५ च्या आसपास पुरतो. म्हणून सुरुवातीला प्राथमिकाचा सर्वात वरचा वेढा द्वितीयकाच्या सर्वात खालच्या वेढ्याच्या थोडा खालीच ठेवावा. यासाठी द्वितीयकाचा पाइप ५ सेंटीमीटर लांब सोडून त्यावर गुंडाळी सुरू करावी. माझ्या पहिल्या बांधणीत मी हे मानले नव्हते. ज्योत लहान राहिली, मॉसफेट तापला, आणि मी उगाच पुरवठ्याचा व्होल्टेज वाढवत बसलो. गुंडाळी दोन सेंटीमीटर खाली सरकवली तेव्हा त्याच व्होल्टेजवर ज्योत दुप्पट झाली.

शक्तीचा टप्पा: क्लास-ई

नेथन आणि अॅलन सोकाल यांनी १९७५ साली मांडलेला क्लास-ई परिपथ या कामासाठी फार सुरेख आहे. त्यात मॉसफेट चालू होण्याच्या क्षणी ड्रेनवरचा व्होल्टेज आधीच शून्यावर आलेला असतो, त्यामुळे स्विचिंगची हानी जवळजवळ नाहीशी होते. त्याची किंमत एकच: मॉसफेट बंद असताना ड्रेनवर पुरवठ्याच्या सुमारे ३.५६ पट व्होल्टेज उभा राहतो. ४८ व्होल्टला तो १७१ होतो. जुळवणी चुकली तर त्याहूनही वर जातो, म्हणून २०० व्होल्टचा मॉसफेट घेऊ नये. ४०० व्होल्टचा आयआरएफ ७४० योग्य आहे. तो मुंबईत लॅमिंग्टन रोडवर कुठेही मिळतो, पण नकली माल भरपूर असल्यामुळे खात्रीच्या दुकानातून दोन-चार जास्त घेऊन ठेवावेत. याहून मोठा आयआरएफपी ४६० मोहात पाडतो, परंतु त्याच्या गेटचा प्रभार तिपटीहून जास्त आहे. ३.४ मेगाहर्ट्झला केवळ गेट हलवण्यात आठ वॉटपेक्षा जास्त जातात, उलट आयआरएफ ७४० ला अडीच वॉटच्या आसपास लागतात.

परिपथाची मांडणी अशी आहे. धन पुरवठ्यापासून ड्रेनपर्यंत उच्च-वारंवारतेचा चोक, म्हणजे उच्च वारंवारता अडवणारी गुंडाळी, येतो. टी १०६-२ या लाल रंगाच्या लोहचूर्णाच्या टोरॉइडवर २१ गेजच्या तारेचे ४५ वेढे घातले की २७ मायक्रोहेन्री मिळतात, आणि तेवढे पुरेसे आहेत. ड्रेन आणि सोर्स यांच्यामध्ये समांतर कपॅसिटर बसतो. हिशेबाने तो एकूण ६४५ पिकोफॅरड हवा. त्यातले साधारण तीनशे मॉसफेटच देतो आणि काही दशक पिकोफॅरड अभ्रकाच्या चकतीतून हीटसिंककडे येतात, कारण या मॉसफेटची धातूची पाठ म्हणजे ड्रेनच असते. म्हणून बाहेरून ३३० पिकोफॅरड लावून सुरुवात करावी. ड्रेनपासून पुढे ६०० पिकोफॅरडचा मालिका कपॅसिटर, त्यापुढे प्राथमिक गुंडाळी आणि तिचे दुसरे टोक ऋण बाजूला. मालिका कपॅसिटर एकच घेऊ नये. १ किलोव्होल्टचे, शून्य तापमान-बदलाच्या सिरॅमिक प्रकारातले किंवा चंदेरी अभ्रकाचे १०० पिकोफॅरडचे सहा नग समांतर लावावेत, म्हणजे काही अँपिअरचा प्रवाह त्यांच्यात वाटला जातो. साध्या तपकिरी चकतीच्या सिरॅमिकमध्ये हानी इतकी असते की ते काही सेकंदांत फुटतात. पुरवठ्याच्या मार्गात ४ अँपिअरचा फ्यूज असावा.

गेट चालवायला आयएक्सडीडी ६१४सीआय हा पाच पायांचा ड्रायव्हर घ्यावा. तो छोट्या हीटसिंकवर बसवता येतो, ही त्याची सोय इथे मोलाची आहे. त्याला १२ व्होल्टचा स्वतंत्र अडॅप्टर द्यावा, पायांना लागून १ मायक्रोफॅरडचे दोन-तीन सिरॅमिक कपॅसिटर आणि ४७ मायक्रोफॅरडचा एक लावावा. ड्रायव्हरचे आउटपुट १.५ ओहममधून गेटला जाते. ही वाट दोन सेंटीमीटरपेक्षा लांब नसावी, कारण प्रत्येक जादा सेंटीमीटर तारेची प्रवर्तकता गेटवर उसळ्या निर्माण करते. गेट आणि सोर्स यांच्यामध्ये १० किलोओहम कायम असावा, आणि एनेबलचा पाय १२ व्होल्टला बांधून टाकावा. सर्व काही बिनछिद्री तांब्याच्या पत्र्याच्या बोर्डवर करावे आणि खालचा पूर्ण पत्रा ऋण ठेवावा. छिद्रांच्या प्रोटोटाइप बोर्डावर हे सर्किट चालवण्याचा प्रयत्न वेळ वाया घालवतो.

वारंवारता कुठून आणावी

कमी वारंवारतेच्या कॉइलमध्ये अँटेनाने संकेत परत घेऊन कॉइललाच आपली वारंवारता ठरवू दिली जाते. इथे एका आवर्तनाला २९४ नॅनोसेकंद लागतात, आणि ड्रायव्हरसह सगळ्या साखळीचा विलंब पन्नास नॅनोसेकंद धरला तरी ६० अंशांची कलाचूक होते, म्हणजे लहर तेवढी मागे पडते. म्हणून बाहेरून स्थिर वारंवारता देणे सोयीचे पडते. एसआय ५३५१ या वारंवारता तयार करणाऱ्या चिपची तयार पाटी आणि आर्डुइनो नॅनो हा छोटा मायक्रोकंट्रोलर यांनी एक किलोहर्ट्झच्या पायरीने वारंवारता बदलता येते, आणि स्फटिकामुळे ती सरकत नाही. त्या पाटीचे आउटपुट ३.३ व्होल्टचे असते, ड्रायव्हरला मात्र ३ व्होल्टच्या वरची खात्रीची पातळी लागते. म्हणून मध्ये ५ व्होल्टवर चालणारी, पातळी उंचावणारी ७४एचसीटी०४ ही लॉजिक चिप ठेवावी.

त्यानंतरची छोटी भर माझ्या मते अत्यावश्यक आहे. एचसीटीच्या आउटपुटपासून ड्रायव्हरच्या इनपुटपर्यंत थेट तार न नेता १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर मध्ये घालावा. ड्रायव्हरच्या इनपुटपासून ऋणकडे १ किलोओहम लावावा आणि त्याला समांतर, कॅथोड इनपुटकडे ठेवून, १एन४१४८ डायोड लावावा. संकेत चालू असताना लहर शून्य ते सुमारे साडेचार-पाच व्होल्टमध्ये राहते. आर्डुइनो अडकला, रीसेट झाला किंवा तार सुटली, तर इनपुट आपोआप शून्यावर येते आणि मॉसफेट बंद राहतो. हे नसेल आणि संकेत 'वरच्या' पातळीवर अडकला, तर चोकमधून ४८ व्होल्ट थेट शॉर्ट होतात. ज्योतीशेजारी मायक्रोकंट्रोलर अडकणे ही नेहमीची गोष्ट आहे, म्हणून आर्डुइनो आणि एसआय ५३५१ हे दोन्ही पत्र्याच्या बंद डबीत ठेवावेत.

पहिली जुळवणी, ध्वनीशिवाय

आधी फक्त ड्रायव्हरचे १२ व्होल्ट द्यावेत आणि गेटवरची लहर पाहावी. ती चढताना-उतरताना वीस-तीस नॅनोसेकंदांहून सुस्त असेल, किंवा १२ च्या वर ५ व्होल्टपेक्षा जास्त उसळी मारत असेल, तर तारा आखूड करून पुढे जावे.

मग ४८ व्होल्टचा पुरवठा न लावता बेंच पुरवठ्यावरून १२ व्होल्ट, १ अँपिअरची मर्यादा घालून द्यावेत. ऑसिलोस्कोपचा प्रोब द्वितीयकापासून ३० सेंटीमीटर दूर, कशालाही न जोडता नुसता ठेवावा आणि वारंवारता ३.० पासून ४.३ मेगाहर्ट्झपर्यंत २० किलोहर्ट्झच्या पायऱ्यांनी वाढवत न्यावी. एका ठिकाणी प्रोबवरची लहर एकदम फुगते. तो ज्योतीशिवायचा अनुनाद. तो नोंदवून ठेवावा आणि चालवण्याची वारंवारता त्याच्या खाली १०० ते ३०० किलोहर्ट्झवर धरावी, कारण ज्योत पेटल्यावर कॉइल स्वतः तिथे उतरून येणार असते.

आता दहापट (व्होल्टेज दहाने भागून दाखवणाऱ्या) प्रोबने ड्रेनची लहर पाहावी, तीही २४ व्होल्टपर्यंतच, कारण साध्या प्रोबची व्होल्टेज सहन करण्याची मर्यादा मेगाहर्ट्झला बरीच कमी झालेली असते. बरोबर जुळलेल्या परिपथात मॉसफेट बंद झाल्यावर व्होल्टेज गोल टेकडीसारखा वर जातो आणि गेट पुन्हा चालू होण्याच्या नेमक्या क्षणी शून्यावर हळुवार टेकतो. तो शून्यावर पोहोचण्याआधीच गेट चालू होत असेल, तर लहरीत उभी कडा दिसते आणि मॉसफेट लगेच तापतो. अशा वेळी समांतर कपॅसिटर कमी करावा, मालिका कपॅसिटर थोडा वाढवावा, किंवा जोडणी सैल करावी. उलट, लहर फार लवकर शून्याखाली जाऊन तिथेच सपाट पडत असेल, तर मॉसफेटच्या आतला डायोड वाहतो आहे. तेव्हा समांतर कपॅसिटर वाढवावा किंवा प्राथमिक गुंडाळी थोडी वर आणावी. एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदल वहीत लिहावा. २२ आणि ४७ पिकोफॅरडच्या पायऱ्यांनी हे काम नीट होते. या टप्प्याला एक संध्याकाळ देण्याची तयारी ठेवावी.

बेंच पुरवठा हळूहळू ३० व्होल्टपर्यंत नेला तरी ज्योत आपोआप पेटेलच असे नाही. हे दोषाचे लक्षण नाही. अर्धा मीटर लांब, कोरड्या काचेच्या दांड्याच्या टोकाला बसवलेली बारीक तार टंगस्टनच्या टोकाला क्षणभर लावून दूर केली की ज्योत उभी राहते आणि मग टिकते. त्यानंतर वारंवारता १० किलोहर्ट्झच्या पायऱ्यांनी खाली-वर करून ज्योत सर्वात मोठी कुठे होते ते पाहावे. ज्योत सर्वात मोठी आणि मॉसफेट सर्वात थंड, ही दोन ठिकाणे थोडी वेगळी असतात. त्यांतले थंड ठिकाण निवडावे.

ध्वनीची जोड

पुष्कळ छोट्या टेस्ला कॉइल संगीत वाजवतात त्या चालू-बंद पद्धतीने. संकेताच्या वारंवारतेने कॉइल तोडली जाते, आणि त्यामुळे फक्त एकेरी, खरखरीत सूर निघतात. माणसाचा आवाज किंवा सतार ऐकायची असेल तर कॉइल सतत चालू ठेवून तिचा पुरवठाच ध्वनीप्रमाणे वर-खाली करायला हवा. क्लास-ई टप्प्याचा एक मोठा गुण इथे उपयोगी पडतो: त्याचा आउटपुट व्होल्टेज पुरवठ्याच्या सरळ प्रमाणात असतो आणि पुरवठ्याला तो निव्वळ रोधासारखा, आपल्या बाबतीत सुमारे २३ ओहमचा, भासतो.

म्हणून ४८ व्होल्ट आणि चोक यांच्यामध्ये आयआरएफपी २६०एन हा दुसरा मॉसफेट सोर्स-फॉलोअर म्हणून, म्हणजे गेटवरच्या व्होल्टेजबरोबर सोर्सवरचा व्होल्टेजही हलेल असा, बसवावा. ड्रेन ४८ व्होल्टला, सोर्स चोकला. १० आणि २२ किलोओहमच्या विभाजकाने ३३ व्होल्टचा बिंदू तयार करून तो १० मायक्रोफॅरडने ऋणला बांधावा. या बिंदूपासून गेटपर्यंतच्या वाटेत एका छोट्या २३० ते १२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरची २३० व्होल्टची गुंडाळी, आणि तिच्यानंतर १ किलोओहमचा रेझिस्टर येतो. गुंडाळीला समांतर २२ किलोओहम, आणि गेट व सोर्स यांच्यामध्ये १५ व्होल्टचा झेनर लावावा. गेट-सोर्सचे साडेचार व्होल्ट वजा जाता क्लास-ई टप्प्याला शांत अवस्थेत २८ व्होल्ट मिळतात, म्हणजे साधारण ३४ वॉट. फॉलोअरवर उरलेले २० व्होल्ट पडतात आणि त्यात सुमारे २४ वॉट उष्णता होते. म्हणून त्याला वेगळा, मोठा, पंखा असलेला हीटसिंक द्यावा. ही हानी टाळणारे क्लास-डी नियंत्रकही बांधता येतात, पण त्यांची स्वतःची स्विचिंगची कटकट पाहता पहिल्या कॉइलसाठी ही साधी पद्धत मला जास्त भरवशाची वाटते.

ट्रान्सफॉर्मरची १२ व्होल्टची बाजू एलएम ३८६ या ध्वनिवर्धकाच्या छोट्या पाटीने चालवावी. गुणोत्तर सुमारे १:१९ असल्यामुळे पाऊण व्होल्टचे शिखरसुद्धा गेटवर १४ व्होल्टचे शिखर देते. ट्रान्सफॉर्मरमुळे ध्वनीची बाजू ज्योतीच्या बाजूपासून अलगही राहते. त्यापुढे फोन तारेने जोडू नये. ब्लूटूथचा स्वतंत्र रिसीव्हर वापरावा आणि फोन दोन मीटर दूर ठेवावा.

फॉलोअरच्या सोर्सवर फक्त ०.१ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर असावा. चांगला पुरवठा म्हणजे मोठा कपॅसिटर, या सवयीने तिथे १००० मायक्रोफॅरड लावला जातो आणि मग ज्योत उत्तम, पण आवाज नाही, अशी स्थिती होते. ०.१ मायक्रोफॅरड मेगाहर्ट्झला ऋणकडे वाट देतो आणि २३ ओहमबरोबर ध्वनीला अडवत नाही. मोठे कपॅसिटर फॉलोअरच्या आधी, ४८ व्होल्टच्या बाजूला लावावेत.

आवाज किती वाढवावा, याला मर्यादा आहे. हवेला जी उष्णता मिळते ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. त्यामुळे व्होल्टेज अगदी अचूक बदलला तरी दुसरा उपस्वर (दुप्पट वारंवारतेचा सूर) मिसळतोच, आणि त्याचे मूळ सुराशी प्रमाण नियंत्रणाच्या खोलीच्या, म्हणजे व्होल्टेज मध्यबिंदूपासून जितके टक्के झुलतो त्याच्या, चतुर्थांशाएवढे असते. ५० टक्के खोलीला ते १२.५ टक्के भरते, ३० टक्क्यांना ७.५ टक्के. ५० टक्के म्हणजे व्होल्टेज १४ ते ४२ मध्ये झुलणे, आणि याच्या पुढे गेल्यास तळाशी ज्योत विझू लागते. सोर्सवर स्कोप लावून सर्वात मोठ्या आवाजाच्या जागी १४ व्होल्टच्या खाली लहर जाणार नाही, अशा बेताने एलएम ३८६ चे नियंत्रण एकदाच बसवावे आणि पुढे फोनवरून आवाज कमी-जास्त करावा.

ज्योत लहान असल्यामुळे खालचे स्वर ती ढकलू शकत नाही. तबल्याचा डग्गा जवळजवळ ऐकू येत नाही, चाटीवरचा 'ना' मात्र लख्ख येतो. बासरी, संतूर, सतार, स्त्रीस्वर आणि टाळ यांवर ही कॉइल सर्वात खुलते. आधी २०० हर्ट्झच्या खालचा भाग फोनच्या इक्वलायझरमध्ये कापून टाकावा, म्हणजे ऐकू न येणाऱ्या स्वरांवर नियंत्रणाची खोली खर्च होत नाही आणि वरचे स्वर अधिक मोकळे होतात.

चालवताना क्रम नेहमी एकच ठेवावा: आधी १२ व्होल्ट, गेटचा संकेत तपासणे, मग पिंजऱ्याचे दार बंद, मग ४८ व्होल्ट. ज्योत पेटवण्यासाठी काचेचा दांडा जाळीतल्या छोट्या छिद्रातून आत घालावा, दार उघडू नये. बंद करताना क्रम उलट. दोन मिनिटांनी बंद करून दोन्ही मॉसफेटच्या पाठीला चिकटवलेले तापमापक पाहावेत. आयआरएफ ७४० सत्तर अंशांच्या वर जात असेल, तर वारंवारता दहा-वीस किलोहर्ट्झने हलवून पुन्हा ड्रेनची लहर पाहावी. ऋतू बदलला, पिंजऱ्याची जागा बदलली किंवा टंगस्टनचे टोक झिजून आखूड झाले, तरी हीच जुळवणी पुन्हा करावी लागते.